तिसरी रांग, कडेची खुर्ची

१९ ऑक्टोबर, थंडर बे

आजही टोपीच. डोक्यावर क्लबची टोपी, गळ्यात टॉवेल, पायांना पॅड बांधून बेंचच्या टोकाला बसलो आणि दार उघडत राहिलो. आइस हॉकीत दुसऱ्या गोलकीपरचं काम ते. दमलेले परत आले की दार उघडायचं, ताजे बर्फावर उतरले की लावायचं, आणि चेहरा असा ठेवायचा की आपण जन्माला आलो ते याचसाठी. एटू खेळला. फिनलंडचा पोरगा, मिसरूड आत्ता फुटलंय, क्लबचा लाडका. चांगला खेळतो मेला. तेच तर दुखतं.

सामन्यानंतर ड्यूबे पॅड सोडायला मदत करत होता. तो बचाव फळीतला, आणि या संघात माझ्याइतका जुना तोच. म्हणाला, "बिल्सी, तुझ्याइतकं अलगद दार अख्ख्या लीगमध्ये कोणी उघडत नाही. खेळणं सोडलंस की हॉटेलच्या दारावर नोकरी पक्की." बिलूस आडनावाचं या लोकांनी कधीच बिल्सी करून टाकलंय. नेस्टर म्हणणारी माणसं फक्त घरी, डॉफिनला.

आईला फोन केला.

"खेळलास?"

"नाही."

"बरं झालं. चला, मी जेवते आता."

बरं झालं म्हणे!

२३ ऑक्टोबर

टोपी.

३ नोव्हेंबर

खेळलो! एटूचा अंगठा सुजला होता. जिंकलोही, पण लिहायचंय ते वेगळंच.

सामना सुरू व्हायच्या आधी मी नेहमीसारखं माझं अंगण खरवडून घेतलं. गोलपुढचा तो निळा अर्धगोल; स्केट आडवे घासून घासून त्याचा गुळगुळीतपणा मोडायचा, म्हणजे पाय धरतो. खरवडताना नजर आपोआप प्रेक्षकांत तिसऱ्या रांगेकडे गेली, कडेच्या खुर्चीकडे. बाबा गावच्या रिंकमध्ये तिथेच बसायचे. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली, तरी माझी मान वळते. आज तिथे एक बाई नाचो खात होती.

आई कधीच आत बसली नाही. मी आठ वर्षांचा असताना पहिल्यांदा गोलपुढे उभा राहिलो त्या दिवसापासून ती बाहेर, व्हरांड्यात, पॉपकॉर्नच्या काउंटरपाशी, भिंतीकडे तोंड करून. गोलकीपरच्या आया अशाच असतात म्हणतात, पण माझी आई त्यातली पट्टीची. बाबांना सांगून ठेवायची, "कोणी विचारलं तर म्हणा, पॉपकॉर्न घ्यायला गेलीय." तिला पॉपकॉर्न आवडत नाही. दातात अडकतं.

आणि गंमत म्हणजे मला गोलकीपर केलं तिनेच. हिवाळ्यात तळघरात मला भिंतीशी उभं करायची आणि पोत्यातले बटाटे फेकून मारायची. खालून, वरून, गुडघ्यावर. जो सुटला, फुटला, त्याची पेरोगी, आमच्या उकडलेल्या करंज्या. हात असा की आमच्या संघातल्या निम्म्या पोरांना लाज वाटावी. बटाटा मारताना हिची पापणी लवायची नाही, पण पक, ती रबराची चकती, दुसऱ्या कोणी मारली की हिला बघवायचं नाही.

कान मात्र तिखट. प्रेक्षकांच्या आवाजावरून तिला सगळं कळायचं. गाडीत बसलं की सांगायची, "दुसरा डाव्या बाजूने गेला ना? आधी श्वास ओढल्यासारखा आवाज आला, मग ओरडले." बाबांचे डोळे आणि तिचे कान मिळून माझा एक सामना पूर्ण व्हायचा. आता डोळे उरले नाहीत.

तेहतीस वर्षांचा घोडा झालो, आणि मनात काय, तर आईने मला एकदा खेळताना बघावं. कोणाला सांगायची सोय नाही. म्हणून इथे.

११ नोव्हेंबर

पेटिग्रूने आत बोलावलं. आमचा प्रशिक्षक, वाईट बातमी द्यायची असली की कॉफी देतो. कॉफी दिली.

"एटूला पुढच्या वर्षी वर न्यायचं क्लबने ठरवलंय. त्याला जास्त खेळवावं लागेल. तू समजूतदार आहेस."

समजूतदार! वर म्हणजे मोठ्या लीगमध्ये, जिथे खेळण्यासाठी आम्ही सगळे या खालच्या लीगच्या बसमधून कंबर मोडत हिंडतो. मीही वर जाऊन आलोय, तीनदा. तिन्ही वेळा टोपी. बसलेल्याची नोंद होत नाही. एक मिनिट का होईना, गोलपुढे उभं राहिलं तरच तुमचं नाव पुस्तकात. माझं नाही. वरची सगळी दारं मात्र मी उघडून बघितलीत, तीही सगळी अलगद उघडतात.

कॉफी चांगली होती, हे मान्य.

२७ नोव्हेंबर

पोरीचा, दारिनाचा फोन. त्यांच्या लहान मुलांच्या संघात गोलपुढे आळीपाळीने उभं करतात. तिची वेळ आली, आणि आता तिला आळीपाळी नकोय, कायमचंच हवंय.

मी म्हटलं, "अगं, पुढे खेळ ना. गोल मारला की सगळे मिठ्या मारतात. गोल खाल्ला की कोणी जवळ येत नाही."

"पण पप्पा, तिथून सगळं दिसतं."

मग बायको, कोलेट, फोनवर आली. "तुझ्याच रक्ताचं आहे, मला नको बोलूस. आई तर म्हणाल्या, तळघरात बटाटे आहेत अजून."

मी का नको म्हणतोय ते मलाही सांगता आलं नाही. फोन ठेवल्यावर घर फार आठवलं. इथली खोली तळघरातच आहे, पण वास वेगळा. तिथे बटाट्यांचा, बडीशेपेचा, बाबांच्या ओल्या बुटांचा. इथे वॉशिंग पावडरीचा.

९ डिसेंबर, बसमध्ये

बाहेर नुसतं पांढरं. ड्यूबे घोरतोय. एटू खिडकीला डोकं लावून फिनिशमध्ये आईशी बोलतोय. शब्द कळत नाही एक, पण सूर ओळखीचा आहे. तोही खोटं सांगतोय, की नीट जेवलो.

६ जानेवारी

आम्हा युक्रेनियन घरांतली, जुन्या पंचांगाची नाताळची रात्र आज. इथल्या कोणाला पत्ता नाही. सकाळी सराव, दुपारी सराव. घरी बारा पदार्थ झाले असतील, मांसाचा कण नाही, आणि मेजावर गेलेल्या माणसासाठी एक जादा ताट.

फोनवर विचारलं, "बाबांचं ताट मांडलंस?"

"मांडलं."

"आणि माझं?"

"वेडा आहेस का? जिवंत माणसाचं रिकामं ताट मांडतात होय? तुझी पेरोगी बर्फाच्या पेटीत ठेवलीय. ये आणि खा."

फ्रीजरला ती अजून बर्फाची पेटीच म्हणते. मी हसलो आणि मग खोकला आल्याचं नाटक केलं. तिने आवाजावरून ओळखलं असणार. तिला काय लपतंय.

१४ जानेवारी

वरून बोलावणं! वरच्या एका गोलकीपरचा गुडघा गेला. ड्यूबेने मिठी मारली, एटूने हात मिळवला. मी पेटिग्रूला विचारलं, एटू का नाही?

त्याने कॉफी ओतायला घेतली, तेव्हाच समजलो. "एटू इथे रोज खेळतोय, त्याला वर नुसतं बसवून ठेवणं परवडणार नाही."

म्हणजे बसायला माणूस हवा होता. त्या कामात माझा हात धरणारा कोणी नाही.

तरी बॅग भरताना शीळ घालत होतो, खोटं कशाला बोलू.

१७ जानेवारी

परवा सामना विनिपेगला. डॉफिनहून गाडीने सकाळी निघालं की दुपारी पोचता येतं. घाबरत घाबरत आईला विचारलं. वाटलं, नेहमीसारखं गुडघ्याचं, गाईचं, चर्चच्या स्वयंपाकाचं निमित्त निघेल.

ती म्हणाली, "तू बसणार ना नुसता?"

"हो."

"टोपी घालून?"

"हो."

"मग येते की. बसलेल्याला बघायला कसली भीती? आत बसेन चांगली. कोलेटला सांग, तुझे बाबा बसायचे तसली जागा बघ."

तिसरी रांग, कडेची खुर्ची. तिकिटं आली. माझा बेंच समोरच. तिशी ओलांडलेला मी, आणि आई बघायला येणार म्हणून टोपी धुतली. खेळताना नाही तर नाही, दार उघडताना तरी बघेल. एवढ्यावर मन खूश झालं, याचं मला हसू येतंय आणि वाईटही वाटतंय.

१९ जानेवारी, विनिपेग, दुपार

आज अक्षर लागणार नाही.

सकाळी न्याहारीला पहिला गोलकीपर खालीच आला नाही. रात्री त्याने शिंपले खाल्ले, तेव्हापासून न्हाणीघरात आहे. वरच्या संघाचा प्रशिक्षक माझ्या मेजापाशी आला, म्हणाला, "बिलूस, आज तू," आणि निघून गेला. बस्स. त्यानंतर कोणी माझ्याशी बोललं नाही. तशी रीतच आहे, खेळायच्या दिवशी गोलकीपरशी कोणी बोलत नाही. समोरून येणारा नजर चुकवून जातो. सुतक असल्यासारखं. आणि मला आज कोणाशी तरी बोलायचंय!

बसायला माणूस हवा म्हणून खालून एटूला विमानाने आणतायत. एटू टोपी घालणार.

इतकी वर्षं याचसाठी झुरलो. आणि आता पहिला विचार कुठला यावा? आईला कळलं तर ती आत बसणार नाही.

गाडी वाटेत असेल. कोलेटला निरोप पाठवला, आज मी खेळतोय, आईला सांगू नकोस. कोलेटचं उत्तर आलं: "तुम्ही मायलेक मला वेड लावणार." पण सांगणार नाही ती. आई बर्फावर बघेल तेव्हाच तिला कळेल. आणि एकदा बसली की चारचौघांतून उठून कशी जाईल? मधे पोरगी, पलीकडे कोलेट. मी असा हिशेब करतोय. खेळायचं सोडून.

झोपायला हवं. झोप कसली.

२० जानेवारी, विमानतळ

नीट लिहितो, सगळं लिहितो.

गोलकीपर सगळ्यांत पुढे निघतो. नेहमीचंच. मी बोगद्यातून मास्क वर सरकवून धावत बर्फावर उतरलो, मागून बाकीचे येतायत असं धरून चाललो. सरळ माझ्या गोलकडे गेलो आणि मान खाली घालून अंगण खरवडायला लागलो. डावीकडे, उजवीकडे, खांबांना स्टिक टेकवून झाली. मग लक्षात आलं, की आवाज फक्त माझाच आहे. वर बघतो तर अख्ख्या बर्फावर मी एकटा.

वाटलं, चुकून लवकर उतरलो. दार चुकलं. सामना रद्द झाला आणि मला कोणी सांगितलं नाही. परत जायला वळलो, तर बोगद्याच्या तोंडाशी सगळा संघ दाटीवाटीने उभा, हसून लोटपोट. आमचा कप्तान ओरडला, "म्हातारबुवा, फेरी मारा की! झाडलोट नंतर करा!"

पहिल्या सामन्याची फेरी! वरच्या लीगमध्ये जो पहिल्यांदा खेळतो त्याला एकट्याला बर्फावर सोडतात, बाकीचे दारात थांबतात. तीनदा मी दुसऱ्यांसाठी त्या दारात थांबून हसलोय. माझ्यासाठी कोणी थांबेल असं मनातच आलं नव्हतं. गोलकीपर तसाही पुढेच असतो, त्याला मागे कोणी नाही हे कळणार कसं.

मग मारली फेरी. पॅडमुळे बदकासारखी, पण मारली. आणि त्या बाजूला आलो तेव्हा तिसऱ्या रांगेत कडेला आई. चर्चचा निळा कोट, मांडीवर पर्स. तिने आधी ओळखीचं हसू आणलं. मग माझ्या डोक्याकडे बघितलं. टोपी नाही. मास्क. तिचं हसू तसंच राहिलं आणि डोळे बदलले. मी काचेला स्टिक टेकवली. मनातल्या मनात म्हणालो, बस ना. एकदाच बस.

ती उठली. दारिनाच्या डोक्यावर हात ठेवला, कोट सावरला आणि पायऱ्या चढून गेली. दारातून बाहेर पडेपर्यंत मी बघत होतो.

सामना एका गोलने हरलो. बरा खेळलो. चांगलाच खेळलो म्हणतात. दर वेळी बेंचकडे गेलो की एटू दार उघडून तयार. म्हणाला, "तुझ्याचकडून शिकलो." दोन सत्रं खुर्ची रिकामी होती, तिसऱ्या सत्रात कोणीतरी तिच्यावर जॅकेट टाकलं.

नंतर व्हरांड्यात भेटली. काउंटरपाशीच. म्हणाली, "शेवटच्या गोलात तुझी चूक नव्हती. तुझ्यापुढे कोणीतरी उभं होतं ना? लोक आधी ओरडलेच नाहीत, त्यांनाच दिसला नाही."

बरोबर होतं. तंतोतंत बरोबर होतं, आणि तेच मला डाचलं. मी म्हटलं, "आई, आयुष्यात एक दिवस. एक दिवस बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

तिने माझ्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली, लहानपणी ओढायची तशी. हात गार पडले होते तिचे. दारिना म्हणाली, "आजीने पॉपकॉर्न घेतलंच नाही, पप्पा." कोलेटने तिला पुढे नेलं.

नाव पुस्तकात आलं. आनंद व्हायला हवा. होतोय. पण डोळ्यांसमोर निळ्या कोटाची पाठच येते.

२३ जानेवारी, थंडर बे

खाली परत. टोपी.

१६ फेब्रुवारी

सकाळी वाकून बूट घालता येईना. खुब्याचं दुखणं. डॉक्टर म्हणाला, "अजून किती खेळायचंय?" मी म्हटलं, "तुम्हीच सांगा." त्याने खांदे उडवले. आईशी बोलतो, पण इकडचं तिकडचं. विनिपेगचं ती काढत नाही, मीही काढत नाही. पेरोगी अजून बर्फाच्या पेटीत आहे, एवढं मात्र प्रत्येक फोनला सांगते.

१२ एप्रिल

हंगाम संपला. पेटिग्रूने कॉफी द्यायच्या आत मीच सांगून टाकलं, खेळणं सोडतोय. तो कॉफी ओतता ओतता थांबला आणि उठून मिठी मारली, मला सवय नव्हती.

सगळे गेल्यावर एकदा रिकाम्या रिंकवर गेलो. अंगण खरवडलं, उगाचच. मग बेंचचं दार उघडून बाहेर आलो आणि मागे लावलं. अलगदच. सवय.

१३ एप्रिल, डॉफिन

पेरोगी खाल्ली. आईने ताटात वाढत वाढत सगळी संपवायला लावली. बर्फाचे खडे आत राहिले होते. तिला सांगितलं नाही.

३० ऑगस्ट

दारिनाचं ठरलंय. गोलपुढेच. मी दहा कारणं दिली, तिने एकही ऐकलं नाही. तळघरातून धाप धाप आवाज येतोय. आज रात्री पुन्हा पेरोगी.

२५ ऑक्टोबर

दारिनाचा पहिला सामना. सकाळी मीच तिचे पॅड बांधले. तिच्याशी बोललो नाही, रीत ती रीत. ती पुढे निघाली, वाकून माझ्यासारखंच अंगण खरवडायला लागली. समोरच्या संघातली एक उंच पोरगी पक घेऊन सरळ तिच्या दिशेने येताना दिसली, आणि मी उठलो कधी, पायऱ्या चढलो कधी, मला माहीत नाही.

व्हरांड्यात, भिंतीकडे तोंड करून उभा होतो. आत कोणीतरी श्वास ओढला. मग ओरडले नाहीत. म्हणजे अडवला. हात गार पडले होते. त्या निळ्या कोटाची पाठ आठवली आणि नऊ महिने उरात धरून ठेवलेला राग कुठे गेला कळलं नाही.

आतून एक आवाज सगळ्यांच्या वर येत होता: "दारिना, स्टिक खाली! खाली म्हणते ना!" आईचा. कोलेट मला शोधत बाहेर आली. म्हणाली, "आई मस्त बसल्यात तिसऱ्या रांगेत, बाबांच्या खुर्चीवर. म्हणतायत, त्याला म्हणावं ये आत, एवढं घाबरण्यासारखं काय आहे? काय सांगू त्यांना?"

मी म्हटलं, "सांग, पॉपकॉर्न घ्यायला गेलाय."